काकांच्या फ्रीजमधले सहा स्लाइड रोल: कुठले सी-४१ मध्ये टाकायचे आणि कुठले अजिबात नाही

नाशिकच्या एका वाचकाला काकांच्या फ्रीजमध्ये, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सहा स्लाइड रोल सापडले, म्हणजे ज्यांतून निगेटिव्हऐवजी थेट सरळ रंगांचं चित्र निघतं असे. दोन फुजी प्रोव्हिया १००एफ, एक फुजी व्हेल्व्हिया १००, एक कोडॅक एलिट क्रोम १००, एक कोडॅक्रोम ६४ आणि एक ओर्वोक्रोम यूटी १८. पहिल्या चारांची मुदत २००८-०९ मध्ये संपलेली, उरलेले दोन त्याहून बरेच जुने. गावात ई-६ (स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया) करणारं कुणी नाही, पण एक लॅब आठवड्यातून एकदा सी-४१ (साध्या रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया) चालवते. त्यांचे प्रश्न असे: सगळे रोल क्रॉस-प्रोसेस करून टाकू का, म्हणजे स्लाइड असूनही सी-४१ मध्ये धुऊन घेऊ का? आयएसओ किती लावू? लॅबचं मशीन बिघडेल का? आणि इंटरनेटवर दिसतात तसे हिरवे-निळे रंग मला मिळतील का?

सगळे टाकू नका. सहापैकी तीनच टाका. ते तीन ठरवण्यासाठी आधी डबा नीट रिकामा करू.

एलिट क्रोमबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात की 'याची पट्टी आत गेलेली आहे'. सगळ्या पत्रात मला हेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. नव्या ३५ मिमी रोलची जीभ नेहमी डबीबाहेर असते. ती आत गेली म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी छत्तीस फोटो काढून रोल गुंडाळला आणि धुवायला द्यायचं राहून गेलं. आधी काकांना विचारा. त्यांना आठवत नसलं तरी हा रोल वापरलेला आहे असंच धरा आणि ई-६ करणाऱ्या लॅबकडे कुरिअरने पाठवा. भारतात अशा लॅब थोड्या उरल्यात, पण आहेत. स्लाइड एकदा सी-४१ मधून काढली की तिची पुन्हा स्लाइड होत नाही. काकांच्या लडाखच्या किंवा कुणाच्या मुंजीच्या फोटोंवर आपण प्रयोग करू नये.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझं पहिलं क्रॉस-प्रोसेसिंग चुकूनच झालं होतं. शिकाऊ असताना एका मिनीलॅबमध्ये कामाला होतो. संध्याकाळच्या गर्दीत एका गिऱ्हाइकाचा स्लाइड रोल बाकीच्या निगेटिव्ह रोलांबरोबर मशीनमध्ये सोडला. डबीवर ई-६ असं स्पष्ट छापलेलं होतं, मी वाचलं नाही. बाहेर आलेल्या पट्टीला नेहमीचा नारिंगी रंग नव्हता. स्वच्छ काचेसारखी पट्टी आणि तिच्यावर उलटे, भडक रंग. त्यांच्या मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाचे फोटो होते. प्रिंट काढून दिले, पैसे घेतले नाहीत, पण मुलीचा चेहरा हिरवा तो हिरवाच राहिला. त्यानंतर मी डबीवरची अक्षरं वाचल्याशिवाय रोलला हात लावत नाही.

कोडॅक्रोमचा विषय सोपा आहे. त्याची प्रक्रिया वेगळीच, के-१४ नावाची. ती करणारी जगातली शेवटची लॅब, कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. सी-४१ मध्ये कोडॅक्रोम टाकला तर रंग विचित्र येत नाहीत, येतच नाहीत. बाकीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारे कपलर आधीपासून थरांमध्ये मिसळलेले असतात. कोडॅक्रोममध्ये ते नसतात, ते प्रक्रियेच्या वेळी डेव्हलपरमधून, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनातून, यायचे. म्हणजे सी-४१ मध्ये चांदीची प्रतिमा उमटणार, पुढे ब्लीच आणि फिक्सर ती धुऊन नेणार, आणि तुमच्या हाती कोरी पट्टी येणार. शिवाय त्याच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो. त्याला रेमजेट म्हणतात. तो मशीनमध्ये सुटला तर त्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या निगेटिव्हवर काळे ठिपके बसतात. लॅबवाले खरोखर घाबरतात ते या थराला, आणि ते बरोबरच आहे. सिनेमाच्या फिल्मचे तुकडे भरून विकलेले रोल हल्ली स्वस्तात मिळतात, त्यांतही बऱ्याचदा हाच थर असतो. तेही न सांगता लॅबमध्ये देऊ नका. कोडॅक्रोममधून आज काही निघालंच तर काळं-पांढरं निघेल, तेही हाताने काजळी पुसून. नाहीतर शोकेसमध्ये ठेवा, डबी देखणी असते.

ओर्वोक्रोम पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्यातला. आपल्याकडे एके काळी ओर्वो भरपूर मिळायची, जुन्या मंडळींना नाव आठवत असेल. यूटी १८ मधला १८ हा जर्मन डिन आकडा, म्हणजे आपला ५० आयएसओ. त्याची प्रक्रिया वेगळी आणि कमी तापमानाची होती. सी-४१ चं पाणी ३८ अंश सेल्सिअसला असतं. त्या उष्णतेसाठी जुन्या फिल्मचा जिलेटीनचा थर कडक केलेला नसतो. तो मऊ पडतो, सुरकुततो, कधी पट्टीवरून सुटूनही येतो. १९७६ मध्ये ई-६ आली, त्याआधीच्या ई-३, ई-४ छापाच्या एक्टाक्रोमलाही हेच लागू. डबीवर ई-६ असं लिहिलेलं नसेल तर लॅबच्या टाकीजवळ नेऊ नका.

उरले दोन प्रोव्हिया आणि एक व्हेल्व्हिया. हे तिन्ही खुशाल टाका. नुसती परवानगी म्हणून सांगत नाही, जुन्या स्लाइड रोलसाठी मला हा मार्ग ई-६ पेक्षा बरा वाटतो. कारण ऐका.

फिल्म जुनी झाली की ती न वापरताच थोडी 'उजळते', म्हणजे फॉग चढतो. ई-६ मध्ये प्रतिमा उलटवली जाते, त्यामुळे हा फॉग थेट काळ्या भागांवर येतो. काळे भाग धुरकट, जांभळट किंवा तपकिरी होतात, आणि स्लाइड म्हणजे अंतिम वस्तू असल्यामुळे तिथे दुरुस्तीला जागा नसते. सी-४१ मध्ये तोच फॉग निगेटिव्हच्या तळाला थोडा जास्त दाटपणा देतो, आणि तो स्कॅन करताना वजा करता येतो. इतकी वर्षं मुदत टळलेल्या प्रोव्हियाची स्लाइड बहुधा निराश करेल. त्याच प्रोव्हियाची निगेटिव्ह कामाची निघेल.

आता आत घडतं काय, तेवढं समजून घेतलं की पुढचे आयएसओ आणि स्कॅनिंगचे सल्ले पाठ करावे लागत नाहीत. ई-६ मध्ये पहिला डेव्हलपर काळा-पांढरा असतो. जिथे प्रकाश पडला तिथली चांदी तो उमटवतो. मग रिव्हर्सल बाथ उरलेल्या, प्रकाश न लागलेल्या चांदीला 'तूही उमट' असं सांगतो, आणि रंगीत डेव्हलपर तिथे रंग तयार करतो. शेवटी सगळी चांदी काढून टाकतात, मागे रंग उरतात, तेही सरळ. सी-४१ मध्ये पहिलाच डेव्हलपर रंगीत. प्रकाश पडला तिथेच रंग. म्हणून तुमची स्लाइड फिल्म निगेटिव्ह होऊन बाहेर येते.

दोन्हीकडचे रंगीत डेव्हलपर वेगळे आहेत. ई-६ मध्ये सीडी-३ नावाचा, सी-४१ मध्ये सीडी-४. प्रोव्हियाचे कपलर सीडी-३ शी जुळवलेले. दुसऱ्याशी गाठ पडली की रंग तयार होतात, पण जरा दुसऱ्याच छटेचे. त्याहून मोठा घोळ असा की फिल्मचे तीन थर, निळा, हिरवा आणि लाल पकडणारे, सी-४१ मध्ये सारख्या वेगाने चढत नाहीत. एक आधी पळतो, दुसरा मागे राहतो. परिणाम म्हणजे सावल्यांत एक रंग आणि उजेडात दुसराच. सावली निळी म्हणून तुम्ही पिवळं घालून ती सुधारलीत की पांढरा शर्ट पिवळा होतो. याला एका फिल्टरचं औषध नाही. क्रॉस-प्रोसेसच्या रंगाला लोक जे वेडे होतात ते याच न सुटणाऱ्या गाठीमुळे.

तिसरी गोष्ट कॉन्ट्रास्ट. निगेटिव्ह फिल्म मुद्दाम मिळमिळीत बनवलेली असते, कारण पुढे पेपर तिला जोर देतो. स्लाइड तशीच भिंतीवर फेकून पाहायची, म्हणून तिच्यातच सगळा जोर भरलेला. तीच स्लाइड निगेटिव्ह म्हणून धुतली, आणि उलटवताना पुन्हा कॉन्ट्रास्ट चढवला, की काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आधीच झणझणीत मिसळ, तिच्यावर आणखी तर्री.

म्हणूनच उजेडाबद्दलचा माझा सल्ला तुम्ही वाचलेल्या सल्ल्याच्या उलट असेल. क्रॉस-प्रोसेस म्हणजे कडक ऊन, भडक रंग, असं लोक सांगतात. मी ढगाळ दिवस निवडतो. कडक उन्हात सावली ठार काळी, शर्ट ठार पांढरा, आणि जी मधल्या पट्ट्यातली छटा बघण्यासाठी एवढा खटाटोप केला तिला उभं राहायला जागाच उरत नाही. ढगाखालच्या मऊ उजेडात हा जादाचा कॉन्ट्रास्ट उलट कामाला येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असा उजेड फुकट मिळतो.

जेजुरीत मी हे पैसे घालवून शिकलो. सोमवती अमावास्येच्या यात्रेला भर दुपारी गडावर प्रोव्हियाचे दोन रोल संपवले. भंडाऱ्याचा पिवळा रंग क्रॉस-प्रोसेसमध्ये कसा दिसेल याची उत्सुकता होती. दिसला असा की ज्या फ्रेममध्ये उन्हात भंडारा उधळला होता तिथे फक्त पांढरा धूर, आणि पायऱ्यांच्या सावलीत हिरवट काळोख. पुन्हा गेलो तो श्रावणातल्या एका भरल्या आभाळाच्या दिवशी, यात्रा नसताना. गर्दी नव्हती, उधळण नव्हती, पण पायऱ्यांच्या दगडावर, दीपमाळांच्या पायाशी, बायकांच्या कपाळावर बसलेला पिवळा तेवढा सापडला. तो कच्च्या लिंबासारखा हिरवट आला. हळदीसारखा नाही. मला आवडला. माझ्या सासूबाईंना अजिबात नाही. त्यांचं म्हणणं, हा भंडारा नासलाय.

गुलालाचं तसंच. व्हेल्व्हियावर विसर्जनाची मिरवणूक घ्याल तर लाल रंग एकमेकांत मिसळून एक सपाट थर होतो, आत चेहरा आहे की कापड ते कळत नाही. आणि माणसांचे जवळून चेहरे घेणार असाल तर दोनदा विचार करा. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीत मधल्या छटा जास्त. हिरवा नेमका तिथेच बसतो आणि माणसं आजारी दिसतात. पाश्चात्त्य फॅशनच्या फोटोग्राफरांनी १९८० आणि ९० च्या दशकांत हे तंत्र गाजवलं तेव्हा ते भरपूर जास्त एक्स्पोजर देऊन गोरी कातडी जवळजवळ उडवून टाकत, डागबिग सगळे गायब. ती युक्ती इथे उचलून आणली की निम्मं काम बिघडतं.

आयएसओ. ताज्या १०० च्या स्लाइडला क्रॉस-प्रोसेससाठी मी मीटर ८० वर लावतो, फार तर ५०. तुमचे रोल जुने आहेत पण फ्रीजमध्ये होते, म्हणून ५० ठेवा, म्हणजे एक स्टॉप जास्त, दुप्पट प्रकाश. रोल कपाटात उन्हाळे काढून आला असता तर दोन स्टॉप दिले असते. स्लाइड काढणाऱ्यांना उजेड उडण्याची भीती असते म्हणून ते हात आखडता घेतात. आता तुम्ही निगेटिव्ह काढताय. सावलीत पुरेसा प्रकाश पोचला नाही तर तिथे पातळ, दाणेदार, गढूळ काहीतरी उरतं. पण साध्या निगेटिव्ह रोलसारखे तीन-चार स्टॉप वर गेलात तर उजेडाचा भाग इतका दाट होईल की स्कॅनरला पलीकडचं दिसणार नाही. चुकायला मिळणारी जागा दोन्ही बाजूंना थोडी आहे. चेहरा, भिंत, जे मुख्य असेल त्याच्याजवळ जाऊन मीटर करा. आभाळ फ्रेममध्ये असेल तर कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका.

'एक स्टॉप पुश करून द्या' असं लॅबला सांगायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. नको. पुश म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ, आणि त्याने आणखी कॉन्ट्रास्ट. जुना कॅमेरा जास्त एक्स्पोजर देऊ शकत नसेल तरच.

लॅबचं काय? ई-६ फिल्मला काजळीचा थर नसतो, त्यामुळे मशीनला किंवा केमिकलला तुमच्या तीन रोलांनी काही होत नाही. तरी चोरून देऊ नका, सांगून द्या. डबीवर चिकटपट्टी लावून जाड पेनने लिहा: 'स्लाइड आहे, तरी सी-४१ मध्येच धुवा.' नाहीतर एखादा जागरूक माणूस ई-६ वाचून रोल परत करेल. आणि निगेटिव्ह परत घ्यायच्याच. हल्ली पुष्कळ जण फोनवर स्कॅन आले की निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. क्रॉस-प्रोसेसमध्ये तर स्कॅन हा एक अंदाज असतो, खरा माल ती पट्टी.

इथे आपण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो, आणि माझ्या मते लोक सगळ्यात जास्त फसतात तेही इथेच. 'अमुक फिल्म हिरवी येते, तमुक निळी' अशा याद्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या साफ खोट्या नाहीत. प्रोव्हिया हिरव्याकडे झुकते, व्हेल्व्हिया १०० लाल-किरमिजीकडे, आणि जुनी अगफा सीटी प्रेसिझा तिच्या गडद निळ्यासाठी इतकी प्रसिद्ध होती की लोक तिचे मुदत संपलेले रोल दामदुपटीने घेत. २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आलेली कोडॅकची एक्टाक्रोम ई१०० त्या मानाने बरीच सभ्य आहे, तिच्यात बदल सौम्य येतो. पण हे सगळं 'साधारणपणे'. मी एकदा प्रोव्हियाची एकच सहा फ्रेमची पट्टी तीन ठिकाणी स्कॅन केली. मिनीलॅबवर, घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर आणि लाइट पॅनेलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने. मिनीलॅबने जवळजवळ साधे रंग दिले, नुसते कडक. फ्लॅटबेडने हिरवा. कॅमेऱ्याच्या फाइलमधून मी स्वतः उलटवलेलं निळसर-हिरवं आलं. पट्टी तीच, केमिकल तेच.

कारण त्या नारिंगी रंगात आहे. साध्या रंगीत निगेटिव्हला जो नारिंगी तळ असतो तो सजावट नाही. किरमिजी आणि निळसर रंगद्रव्यांमधली अशुद्धता भरून काढण्यासाठी घातलेला तो मास्क आहे. स्लाइड थेट डोळ्यांनी पाहायची, तिला नारिंगी मास्क कसा चालेल? म्हणून तुमच्या निगेटिव्हला तो नसेल. मिनीलॅबचं मशीन मात्र तो गृहीत धरून बसलेलं असतं. तो सापडला नाही की ते प्रत्येक फ्रेमकडे बघून आपल्या अकलेने रंग 'सुधारतं'. एका फ्रेममध्ये आभाळ जास्त, दुसरीत गवत जास्त, की त्याच उजेडातल्या दोन शेजारच्या फ्रेम दोन वेगळ्या रंगांच्या. त्याला लोक फिल्मचा लहरीपणा समजतात. तो मशीनचा असतो.

तेव्हा लॅबला सांगा: रंगदुरुस्ती बंद, सगळा रोल एकाच सेटिंगवर. ते जमत नसेल तर घरी करा. लाइट पॅनेल, मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, रॉ फाइल. दोन फ्रेमच्या मधली कोरी जागा आहे तिच्यावर व्हाइट बॅलन्स घ्या. ती जागा जेमतेम उडणार नाही इतकं एक्स्पोजर ठेवा आणि मग पूर्ण रोलभर त्याला हात लावू नका. जिथे निगेटिव्ह फारच दाट आहे तिथे दोन स्टॉप जास्तीचा आणखी एक फोटो घेऊन ठेवा. दाट भाग म्हणजे तुमचे ढग, पांढरे कपडे. त्यांतला तपशील त्या दुसऱ्या फोटोत सापडतो. फ्लॅटबेड असेल तर 'निगेटिव्ह' हा पर्याय निवडू नका, कारण तो मास्क वजा करायला धावतो. 'पॉझिटिव्ह' म्हणून स्कॅन करा आणि नंतर फोटो एडिटिंगच्या प्रोग्राममधल्या कर्व्हमध्ये उलटवा. धूळ काढणारं इन्फ्रारेड चालू ठेवायला हरकत नाही, इथे पट्टीवर चांदी उरलेली नसते.

उलटवताना एक निर्णय तुमचा. लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगवेगळे पकडून प्रत्येकाची काळी आणि पांढरी टोकं जुळवलीत, तर काळं काळं आणि पांढरं पांढरं होईल आणि सगळा विचित्रपणा मधल्या छटांत गोळा होईल. तिन्हींना एकच टोक दिलंत तर अख्खा फोटो रंगात बुडेल. मी पहिलं करतो आणि मग पांढऱ्याचं टोक थोडं सैल सोडतो. पण टोकं एका फ्रेमवरून ठरवू नका, चार-पाच फ्रेम शेजारी ठेवून ठरवा आणि तीच पूर्ण रोलला लावा. असं केलंत तरच प्रोव्हिया कशी दिसते याचा तुमचा स्वतःचा अंदाज बसेल. इंटरनेटवर दिसतात तसे रंग येतील का, याचं उत्तर असं की ते रंग ज्याने स्कॅन केलं त्याचे आहेत. तुमच्या पट्टीतून तेही निघतील आणि त्याच्या उलटेही.

कुणी म्हणेल मग फिल्म कशाला, फिल्टर लावा. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हा त्यातल्या एका फिल्टरचं नावच एक्स-प्रो टू होतं, ते याच तंत्रावरून. त्याआधी १९९२ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या लोमोग्राफीवाल्यांनी हे फॅशनवाल्यांकडून घेऊन हौशी पोरांच्या हातात दिलं होतं. नुसता रंग हवा असेल तर फिल्टर स्वस्त पडतो, मी कुणाला अडवत नाही. नवा ई१०० विकत घेऊन क्रॉस-प्रोसेस करावा असंही मला वाटत नाही. साध्या निगेटिव्हच्या मानाने तो फार महाग आहे आणि तो ज्यासाठी बनलाय ते, म्हणजे स्लाइड, डोळ्याला भिंग लावून एकदा तरी पाहावी. पण मुदत संपलेले तीन रोल हातात आहेत, ई-६ गावात नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत हिशेब सरळ आहे.

ज्यांच्याकडे अजून डार्करूम आहे त्यांच्यासाठी एवढंच: या निगेटिव्हचा रंगीत पेपरवर पहिला प्रिंट लाल-नारिंगी येईल, कारण मास्क नसल्यामुळे निळा आणि हिरवा प्रकाश जास्त पोचतो. पिवळा आणि किरमिजी फिल्टर भरपूर वाढवावा लागतो. एन्लार्जरचा आकडा संपला तर साध्या निगेटिव्हचा धुतलेला कोरा तुकडा प्रकाशाच्या वाटेत ठेवा. हा उसना मास्क.

घरी धुणार असाल तर वेगळं काही करायचं नाही. डेव्हलपर ३८ अंशांना, सव्वातीन मिनिटं, नेहमीसारखंच. नाशिकच्या थंडीत टँकमधलं पाणी भराभर उतरतं, म्हणून बादलीत एक अंश जास्त गरम पाणी ठेवून त्यात टँक आणि बाटल्या बसवा. ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं किट असेल तर त्यात दोन-तीन मिनिटं जास्त द्या. चांदी उरली की पट्टी राखाडी आणि दाणेदार दिसते, आणि ती जुन्या थकलेल्या केमिकलमध्ये हमखास उरते. जास्त दिल्याने नुकसान नाही. राहिलीच असेल तर पट्टी उजेडातही पुन्हा त्यातून काढता येते.

एक प्रोव्हिया प्रयोगाला द्या. एकच दृश्य १००, ५० आणि २५ वर, तीन-तीन फ्रेम. गोदाघाट, एखादी रंगवलेली भिंत, भाजीबाजार, आणि घरातलं कुणीतरी खिडकीजवळ. फ्रेमचा क्रमांक, आकडा आणि ऊन की ढग, हे वहीत लिहा. फोनमध्ये लिहिलेलं रोल धुऊन येईपर्यंत सापडत नाही. ती पट्टी पाहून दुसरी प्रोव्हिया कशी वापरायची ते तुम्हालाच कळेल.

व्हेल्व्हिया पावसाळ्यापर्यंत फ्रीजमध्येच राहू द्या. बाहेर काढाल तेव्हा प्लास्टिकची डबी लगेच उघडू नका, दोन तास खोलीत तशीच ठेवा. जुलैच्या हवेतली ओल थंड फिल्मवर बसली तर तिचे डाग सगळ्या फ्रेमवर येतात, आणि त्यावर कुठलाच कर्व्ह चालत नाही.